एकदां काढलें, मग पुन्हां कां?

गेल्या दोन अंकांत हें सदर आलें नाहीं. कांहीं वाचकांनीं पत्रें पाठवून आमच्या प्रकृतीची चौकशी केली, त्यांचे आम्ही आभारी आहोंत. आमची प्रकृति उत्तम आहे. दुखणें होतें तें आमच्या वडील बंधूंचें. आणि दुखण्यापेक्षांहि त्यावरील उपायाचा निर्णय करण्यांत आमच्या घरानें जे दिवस घालविले, त्यांत लेखणी हातीं धरण्याचें स्वास्थ्य राहिलें नाहीं. आतां दादांचीच आज्ञा झाली कीं, "माझ्या पोटाची हकीकत तुझ्या सदरांत लिहून टाक; दुसऱ्या कुणाच्या घरीं इतका काथ्याकूट व्हायला नको." म्हणून हा प्रपंच. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. आमचा जन्म मुलांकडून रूपावली घोकवून घेण्यांत गेला. येथें लिहितों तें डॉक्टरांस विचारून, वाचून आणि पुन्हां विचारून जेवढें समजलें तेवढेंच.

दादा एकाहत्तर वर्षांचे. नोकरी वनखात्यांतली, आलापल्ली, सिरोंचा असे रानावनांत फिरून अखेर चंद्रपुरास आमच्या जुन्या घरीं येऊन स्थिरावले. आमच्या या दोन जिल्ह्यांत खर्रा चघळणारांची संख्या इतकी मोठी कीं, कर्करोग म्हटला म्हणजे लोकांचा हात प्रथम गालाकडे जातो. दादा सुपारीचें खांडहि तोंडांत टाकीत नसत. त्यामुळें या रोगाचा व आपला कांहीं संबंध नाहीं, अशी त्यांची आणि आम्हां सर्वांचीच समजूत. जेवणानंतर छातीखालीं जळजळ होई, ती ओवा, सोडा आणि औषधाच्या दुकानांतील गोळ्या यांवर दोन वर्षें निभावली. नातवाच्या मुंजीसाठीं पुण्यास गेले असतां आमच्या पुतण्यानें हट्ट धरून जठराची दुर्बिणीनें तपासणी करविली. जठराच्या खालच्या भागांत, जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीचा, किंचित् खोलगट, तांबूस असा एक डाग दिसला. त्याचा कण काढून तपासला, तों तो कर्करोग निघाला.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही भाग्यवान् आहांत." कर्करोग झालेल्या मनुष्यास भाग्यवान् म्हणावें हें वहिनींस मुळींच रुचलें नाहीं, परंतु डॉक्टरांचें म्हणणें यथार्थ होतें. जपान आणि कोरिया या देशांत जठराचा कर्करोग फार. म्हणून कोरियांत चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाचें जठर दर दोन वर्षांनीं तपासण्याची सरकारी व्यवस्था आहे, आणि त्यामुळें तेथें असे बारीक डाग पुष्कळ सांपडतात. आपल्याकडे तशी व्यवस्था नाहीं. येथला रोगी डॉक्टरांपुढें येतो तो अन्न उलटूं लागल्यावर, शौचास काळें होऊं लागल्यावर, अंगावरचें मांस झडल्यावर. तोंवर रोगानें जठराची भिंत पार केलेली असते.

ही भिंत कशी असते तें प्रथम समजून घेतलें पाहिजे, कारण पुढचा सर्व वाद तिच्यावरच चालला. जठर म्हणजे कातड्याची साधी पिशवी नव्हे. दुलईला जसें आंतून मऊ अस्तर, मग कापूस, मग बाहेरचें जाड कापड, तशी तिची रचना. सर्वांत आंत श्लेष्मल अस्तर. त्याखालीं एक सैल, भुसभुशीत थर. त्यापलीकडे स्नायूंचा जाड थर, आणि सर्वांत बाहेर एक पातळ आवरण. कर्करोग उगवतो तो अस्तरांत. तो अस्तरांत किंवा फार तर त्याखालच्या सैल थरांत असेपर्यंत त्यास 'आरंभींचा' म्हणावें, अशी व्याख्या जपानी तज्ज्ञांनीं 1962 मध्यें ठरविली, व तीच आज जगभर चालते. पण या दोन थरांत एक मोठा भेद आहे. सैल थरांत रक्तवाहिन्यांचें आणि लसवाहिन्यांचें दाट जाळें पसरलेलें असतें. लसवाहिन्या म्हणजे शरीरांतील पाझर वाहून नेणारे बारीक पाट. ते जठराबाहेरच्या गांठींत जाऊन मिळतात. रोग त्या पाटांत उतरला कीं बाहेर पडण्याचा मार्ग त्यास मोकळा झाला. टोकियोच्या दोन मोठ्या संस्थांतील पांच हजारांहून अधिक रोग्यांचा हिशेब 2000 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत, रोग केवळ अस्तरांत होता त्यांपैकीं शंभरांत सुमारें दोघांच्या गांठींत तो पोंचलेला आढळला. सैल थरांत उतरला होता त्यांपैकीं शंभरांत सुमारें अठरांच्या.

तूर्त दादांचा डाग वरवरचा दिसत होता. म्हणून तो तोंडावाटेंच काढावा असें ठरलें.

पोटांत नळी घालून पाहण्याची कल्पना तशी जुनी. 1868 मध्यें जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें कुसमाउल नांवाच्या वैद्यानें तलवार गिळून दाखविणाऱ्या एका खेळ्याला बोलावून त्याच्या घशांतून सरळ, ताठ नळी जठरांत उतरविली होती. नळी गेली, पण उजेड पुरेना. पुढें 1954 मध्यें लंडन येथें हॉपकिन्स आणि आपल्या देशांतले नरिंदरसिंग कपानी यांनीं कांचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र वांकडेंतिकडें वळवून नेतां येतें हें दाखविलें, आणि 1957 मध्यें अमेरिकेंत हिर्शोविट्झ यांनीं तसल्या तंतूंची लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच्याच घशांत घातली. नुसतें पाहण्यावरून कापण्यावर मजल नेली ती मुख्यतः जपान्यांनीं. डागाखालच्या सैल थरांत सुईनें द्रव भरावयाचा, म्हणजे डाग फोडासारखा वर उचलला जातो. मग विजेच्या सुरीनें भोंवतालून रेघ मारून तो तुकडा खालून सोलून काढावयाचा. सुरीचें टोंक भिंतीच्या आरपार जाऊं नये म्हणून त्यावर चिनी मातीचा एक बारीक मणि बसविण्याची युक्ति टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रांत निघाली, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस ही रीत रूढ झाली.

दादांचा डाग अशा रीतीनें अखंड निघाला. पोटावर ओरखडा नाहीं, टांका नाहीं. चौथ्या दिवशीं दादा घरीं येऊन मऊ भात खाऊं लागले. चंद्रपुरास फोन आला, आणि आमच्या सौभाग्यवतींनीं महाकालीला जाऊन ओटी भरली.

पंधरा दिवसांनीं रिपोर्ट आला. काढलेला तुकडा टांचण्यांनीं ताणून बसवितात, दोन-दोन मिलिमीटरांच्या अंतरानें त्याच्या चिपा करितात आणि प्रत्येक चीप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. दादांच्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, तळहि स्वच्छ होता. परंतु रोग सैल थरांत अर्ध्या मिलिमीटरहून खोल उतरलेला होता, आणि एका लसवाहिनीच्या पोकळींत कर्कपेशींचा एक पुंजका दिसत होता. डॉक्टरांनीं सांगितलें, "आतां जठराचा खालचा दोन तृतीयांश भाग व भोंवतालच्या गांठी काढणें योग्य होईल. शस्त्रक्रिया दुर्बिणीनेंच करतां येईल."

येथें भाषेनेंहि घोटाळा केला. मराठींत तोंडावाटें उतरते तीहि दुर्बीण, आणि पोटाला छिद्रें पाडून आंत घालतात तीहि दुर्बीणच. दादांस वाटलें, पहिलें काम अर्धवट राहिलें, तें पुन्हां तोंडावाटेंच पुरें करावयाचें आहे. खरा प्रकार उमगला तेव्हां ते संतापले. "कडा स्वच्छ, तळ स्वच्छ, मुळासकट निघालें असें हेच म्हणाले. मग पुन्हां कां?"

हा प्रश्न कोणताहि शहाणा मनुष्य विचारील. त्याचें उत्तर आम्हांस एका जुन्या गोष्टींत सांपडलें. जठराचा रोगट भाग कापून उरलेला भाग आंतड्यास जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया बिलरोट यांनीं व्हिएन्ना येथें 29 जानेवारी 1881 रोजीं केली. रोगी त्रेचाळीस वर्षांची एक स्त्री होती. शस्त्रक्रियेंतून ती उठली, खाऊं-पिऊं लागली, युरोपभर त्या कौशल्याचा बोलबाला झाला. आणि सुमारें चार महिन्यांनीं ती वारली, कारण रोग अगोदरच पोटांत पसरलेला होता. जो भाग कापला त्यांत कांहीं उणें राहिलें नव्हतें. दादांचा रोग त्या बाईच्या मानानें कितीतरी लहान, हें खरें. पण प्रश्न तोच. कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत यावरून तेथें रोग उरला नाहीं एवढेंच ठरतें. एखादी पेशी पाटांतून वाहत जाऊन गांठींत बसली आहे कीं नाहीं, हें तुकडा सांगूं शकत नाहीं. आणि बारीक पेशी असलेली गांठ सीटी स्कॅनमध्येंहि निरोगी गांठीसारखीच दिसते. गांठ काढून पाहिल्यावांचून कळण्याचा खात्रीचा उपाय नाहीं.

मग शक्यता किती? येथें जपान्यांच्या चिकाटीचा उपयोग झाला. अशा रोग्यांसाठीं त्यांनीं 2017 मध्यें गुणांची एक पद्धत प्रसिद्ध केली आहे. लसवाहिनींत रोग असेल तर तीन गुण; डाग तीन सेंटिमीटरांहून मोठा, तळाची कड रोगट, शिरेंत रोग, अर्ध्या मिलिमीटरहून अधिक खोली, यांस प्रत्येकीं एक. परीक्षेंत जन्म घालविलेल्या आम्हांस ही पद्धत ताबडतोब कळली. भेद एवढाच कीं येथें गुण कमी पडावे अशी प्रार्थना करावयाची. शून्य-एक गुण असतां गांठींत रोग शंभरांत अडीच. दोन ते चार असतां सुमारें पावणेसात. पांच ते सात असतां जवळजवळ तेवीस. दादांस चार गुण मिळाले.

त्या रात्रीं पुतण्याच्या घरीं जी बैठक बसली ती आम्ही विसरणार नाहीं. चंद्रपुराहून आम्ही उभयतां गेलों होतों.

दादा म्हणाले, "शंभरांत त्र्याण्णवांच्या गांठींत कांहीं निघणार नाहीं. म्हणजे सात जणांसाठीं त्र्याण्णवांचें जठर कापावयाचें! हा कुठला न्याय?"

वहिनी सहसा चारचौघांत बोलत नाहींत. त्या दिवशीं बोलल्या. "त्या सातांत तुम्ही नाहीं असें कुणीं लिहून दिलंय?"

पुतण्याचें म्हणणें, नुसती देखरेख ठेवावी. दर सहा महिन्यांनीं स्कॅन आणि दुर्बीण करावी, कांहीं दिसलें तर मग कापावें. हा पक्ष आम्हांसहि प्रथम गोड वाटला. दुसऱ्या दिवशीं शल्यवैद्यांस तसें विचारलें, तेव्हां त्यांनीं शांतपणें सांगितलें कीं, वय फार झालेल्या किंवा हृदय-फुप्फुसें दुबळीं असलेल्या रोग्यास आम्हीहि देखरेखच सुचवितों, आणि त्यांपैकीं बहुतेक त्या रोगानें मरत नाहींत. परंतु ज्यांचा रोग मागाहून गांठींत किंवा यकृतांत उगवून दिसूं लागतो, त्यांस मग बरें करणें क्वचितच साधतें. आज गांठींत चार पेशी असतील तर त्या गांठीसह निघतील. तीन वर्षांनीं दिसतील तेव्हां वेळ गेलेली असेल. वाट पाहून रोग सांपडला म्हणजे तो वेळेंत सांपडला, असें होत नाहीं. येथेंच पुतण्या गप्प झाला.

दादांनीं विचारलें, "तुमचे वडील असते तर?"

"हेंच सांगितलें असतें," ते म्हणाले. "आणि त्यांनीं नको म्हटलें असतें तर रागावलों नसतों."

हें उत्तर दादांस आवडलें.

आतां छिद्रांच्या शस्त्रक्रियेविषयीं. आपल्या देशांत या विद्येची मुहूर्तमेढ मुंबईस रोवली गेली. डॉ. तेहमटन उडवाडिया यांनीं 1972 पासून पोटांत दुर्बीण घालून निदान करण्यास आरंभ केला, आणि 1990 मध्यें जे. जे. रुग्णालयांत या मार्गानें पित्ताशय काढण्याची देशांतील पहिली शस्त्रक्रिया केली. जपानांत किटानो यांनीं 1991 मध्यें आरंभींच्या कर्करोगासाठीं जठराचा भाग याच मार्गानें काढला. पोटांत कार्बन डायॉक्साइड वायु भरून तें तंबूसारखें फुगवितात. बोटाएवढ्या किंवा त्याहून बारीक पांचसहा छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्यांचीं हत्यारें आंत जातात. आणि कापलेलें जठर बेंबीपाशीं दीड-दोन इंचांची चीर देऊन बाहेर काढतात.

'छोटी शस्त्रक्रिया' असें लोक म्हणतात तें मात्र आम्हांस मान्य नाहीं. चीर लहान, शस्त्रक्रिया मोठीच. आंत जें कापलें जातें तें पूर्वीइतकेंच, जोडतात तेंहि तितकेंच, आणि जोड गळण्याचें किंवा रक्तस्राव होण्याचें भय दोहोंकडे असतें. वेदना कमी, जखम पिकणें कमी, मनुष्य लवकर चालूं लागतो, हा लाभ खरा. रोग निपटण्याच्या बाबतींत लहान चीर मोठ्या चिरेपेक्षां उणी पडत नाहीं ना, ही शंका होती. तीहि फिटली आहे. जपानांत नऊशेंहून अधिक आरंभींच्या रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गटांत वांटणी करून पांच वर्षें पाहिलें. पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्यांपैकीं शंभरांत चौऱ्याण्णव आणि छिद्रांतून केलेल्यांपैकीं पंचाण्णव रोग न उलटतां जिवंत होते. 2020 मध्यें हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण ते शल्यवैद्य अशा शस्त्रक्रियांत मुरलेले होते. म्हणून आपण अशा प्रसंगीं शल्यवैद्यांस नम्रपणें पण स्पष्टपणें विचारावें कीं, पित्ताशयाच्या नव्हे, जठराच्या कर्करोगाच्या अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत? चांगल्या शल्यवैद्यास हा प्रश्न अपमानाचा वाटत नाहीं, असा आमचा अनुभव.

या संबंधांत सुश्रुताची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. सूत्रस्थानांतील यंत्रविधीच्या अध्यायांत त्यानें एकशें एक यंत्रें सांगितलीं आहेत. त्यांत नाडीयंत्रें म्हणजे पोकळ नळ्या आहेत, आणि त्यांच्या उपयोगांत स्रोतसांतील शल्य काढणें व रोग पाहणें हे दोन्ही उपयोग दिलेले आहेत. एवढ्यावरून आमच्या पूर्वजांपाशीं आजची दुर्बीण होती असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. असल्या बढाईनें सुश्रुताचा मान वाढत नाहीं. आम्हांस आठवलें तें निराळेंच. या सर्व यंत्रांत हात हें प्रधान यंत्र, असें तो सांगतो. आणि छिद्रांच्या शस्त्रक्रियेंत नेमका हातच आंत जात नाहीं! पोट उघडलें असतां शल्यवैद्य जठर बोटांनीं चांचपून जागा ओळखूं शकतो. येथें बोट नाहीं. शिवाय दादांचा डाग तर आधींच निघून गेलेला, उरला फक्त आंतल्या बाजूचा व्रण, जो बाहेरून दिसत नाहीं. मग कोठें कापावयाचें? आम्हीं विचारलें, तेव्हां कळलें कीं, व्रणाशेजारीं आंतून धातूचे बारीक चिमटे लावतात किंवा शाईचा ठिपका टोंचून ठेवतात, आणि जरूर पडल्यास शस्त्रक्रिया चालू असतांना तोंडावाटें दुसरी दुर्बीण उतरवून तिच्या उजेडानें जागा दाखवितात. व्रणाभोंवतींची सूज ओसरावी म्हणून मध्यें कांहीं आठवडे जाऊं देतात. दादांच्या बाबतींत सहा गेले. पहिला उपाय तोंडावाटें केला म्हणून दुसऱ्याचा गुण कमी येतो असें नाहीं, हेंहि त्यांनीं सांगितलें. पहिल्यानेंच पोट कां नाहीं कापलें, हा वहिनींचा सल त्यानें गेला. शिवाय डाग अखंड काढून तपासल्यावांचून त्या लसवाहिनींतला पुंजका कुणालाच दिसला नसता.

शस्त्रक्रियेस सुमारें चार तास लागले. दुसऱ्या दिवशीं दादा खोलींतल्या खोलींत चालले. आठव्या दिवशीं घरीं आले. खरा जाच त्यापुढचा, आणि तो स्वयंपाकघराचा. उरलेलें जठर लहान. त्यांत एका वेळीं वाटीभराहून अधिक मावत नाहीं. दिवसांतून सहा वेळां थोडथोडें, सावकाश चावून खावें. पाणी जेवणाबरोबर पिऊं नये, मागाहून प्यावें. बासुंदी-श्रीखंडासारखें गोड एकदम आंतड्यांत उतरलें कीं घाम फुटतो, छाती धडधडते, अंधेरी येते. चाळीस वर्षें चातुर्मासांत एकभुक्त राहिलेल्या मनुष्यास हें शिकविणें शस्त्रक्रियेहून अवघड. दादांचा निर्जळी एकादशीचा आग्रह अखेर आमच्या गुरुजींनींच मोडून काढला. आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या शाकाहारी घरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. 'ब-बारा' हें जीवनसत्त्व अंगीं लागण्यास जठरांतला एक रस लागतो. जठर कमी झालें कीं तो कमी होतो, आणि आपल्या आहारांत तें जीवनसत्त्व मुळांतच थोडें. म्हणून त्याची व लोहाची तपासणी वेळोवेळीं करून इंजेक्शन किंवा गोळ्या घ्याव्या लागतात. जठरांत राहणाऱ्या ज्या जंतूमुळें बहुधा हा रोग उद्भवतो, त्यावरचें औषधहि दादांस दिलें गेलें. तो जंतु 1982 मध्यें ऑस्ट्रेलियांतील वॉरन व मार्शल यांनीं ओळखला, आणि मार्शल यांनीं पुढें तो स्वतः पिऊन जठरास सूज आणून दाखविली. असल्या लोकांपुढें आमच्या दादांचा हट्ट म्हणजे कांहींच नव्हे.

गांठींचा रिपोर्ट यावयास दहा दिवस लागले. ते दहा दिवस घरांत मोठ्यानें कुणी बोललें नाहीं. एकंदर चौतीस गांठी निघाल्या होत्या. चौतीसहि निर्दोष.

वहिनी देवापुढें जाऊन बसल्या. पुतण्यानें आम्हांस मिठी मारली. दादांनीं कागद दोनदां वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे मी त्र्याण्णवांतलाच होतों. जठर फुकट गेलें कीं रे!"

आम्ही म्हटलें, "दादा, गांठी निघाल्या म्हणून तर हें कळलें."

"तें खरें," ते म्हणाले. पण त्यांचें समाधान झालेलें दिसलें नाहीं, आणि अद्यापहि झालेलें नाहीं. संध्याकाळीं ओसरीवर बसलें म्हणजे मधूनच तो हिशेब निघतो. वहिनींस तो विषय काढलेला खपत नाहीं. आम्ही स्वतः दोन्ही बाजूंनीं वाद करून पाहिला, आणि दोन्ही वेळां दादांनीं आम्हांस निरुत्तर केलें. उरलेल्या जठरांत नवा डाग उगवूं नये म्हणून दरसाल दुर्बीण करावयाची आहे. पुढची खेप मार्गशीर्षांत. ती तारीख दादांनीं आपल्या हातानें पंचांगांत लिहून ठेविली आहे.